लोकरीबरोबर मुंढ्याचा हिशोब लिहून देणारं जळगावचं दुकान

जळगावच्या बाजारपेठेत लोकर ठेवणारी दुकानं मोजकी, आणि त्यातलीही बहुतेक हंगामापुरतीच लोकर मागवतात. खानदेशात खरी थंडी पडते दिवाळीनंतर, आणि संक्रांत उलटली की तिचा जोर ओसरायला लागतो. तेवढ्या दिवसांसाठी फळ्यांवर लोकर चढते. उरलेलं वर्ष तिथे फॉल, लेस, अस्तर आणि बटणं. ज्या दुकानाबद्दल हे परीक्षण आहे तेही याच पठडीतलं. पण लोकर घेणाऱ्या गिऱ्हाइकाला तिथे वहीच्या पानावर पूर्ण स्वेटरचा हिशोब लिहून मिळतो: किती टाके घालायचे, बॉर्डर किती, मुंढा (काखेपासून खांद्यापर्यंतची, बाही जोडायची कड) कुठे सुरू करायचा, काखेत किती टाके बंद करायचे, म्हणजे सुईवरून कायमचे उतरवायचे, मग किती ओळींनी किती कमी करायचे. त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. लोकर, सुया आणि जोडणीबद्दल पुढे लिहिलंच आहे, पण या दुकानात जायचं खरं कारण म्हणजे हा कागद, त्यातही मुंढ्याच्या चार-पाच ओळी.

असे हिशोब इतर दुकानांतही सांगतात. मात्र ते बहुधा पाठ केलेले असतात. छत्तीसच्या छातीला काखेत सहा बंद, मग सात वेळा एकेक, असं तोंडावर असतं, आणि विणणारीचा हात घट्ट असो की सैल, लोकर बारीक असो की जाड, आकडे तेच राहतात. इथे आधी खांदा मोजतात. काउंटरवरच्या ताई अहिराणीत सांगतात, “पहिले खांदा मोजी ल्या, मंग टाका घाला.” मुंढ्याचं सगळं गणित या एका वाक्यात आहे.

छातीच्या मापात आपण सैलपणा धरतो. अंगाची छाती ३६ इंच असेल तर स्वेटर ४० इंचांचा होतो, कारण आत ब्लाउज किंवा कुडता असतो आणि हालचालीला जागा लागते. खांद्याला असा सैलपणा चालत नाही. खांद्याचं हाड जिथे संपतं तिथेच बाहीची शिवण यायला हवी. म्हणजे काखेखाली स्वेटर २० इंच रुंद आहे आणि खांद्यावर तो साडेचौदा इंचच हवा. मधले साडेपाच इंच जिथे कमी करायचे तो मुंढा. खांदा न मोजता नुसत्या छातीवरून आकडे काढले की शिवण दंडावर उतरते, आणि मग ती बाई वर्षभर “लोकर सैल पडली” म्हणत राहते. दोष लोकरीचा नसतो.

दुकानातल्या कागदावर गणित कसं मांडतात ते एका मापावरून सांगतो. छाती ३६, स्वेटर ४०, खांदा १४॥ इंच, मुंढ्याची खोली ८ इंच, लोकर चार प्लायची, म्हणजे चार पदरी, अ‍ॅक्रिलिक, सुया ८ नंबरच्या म्हणजे ४ मिमी. आधी नमुना विणून आणायला सांगतात: किमान ३० टाके, ४० ओळी, सुलट-उलट, म्हणजे एक ओळ सुलट आणि एक उलट. कडेचे टाके सोडून मधले चार इंच मोजतात. समजा चार इंचांत २२ टाके आणि ३० ओळी आल्या. म्हणजे इंचाला साडेपाच टाके आणि साडेसात ओळी. पाठीला २० इंचांचे ११० टाके. खांद्याला साडेचौदा इंचांचे ८०. फरक ३०, म्हणजे प्रत्येक बाजूला १५ टाके कमी करायचे.

हे १५ टाके ते तीन टप्प्यांत वाटतात. आधी पुढच्या दोन ओळींच्या सुरुवातीला प्रत्येकी ६ टाके बंद, ९८ उरले. मग पुढच्या दोन ओळींच्या सुरुवातीला प्रत्येकी २ बंद, ९४ उरले. मग दर सुलट ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका कमी, असं ७ वेळा, ८० उरले. यात १८ ओळी गेल्या, साधारण २.४ इंच. आठ इंच खोलीला ६० ओळी लागतात, म्हणून पुढच्या ४२ ओळी सरळ विणायच्या. मग खांद्याचे २५ टाके ८, ८, ९ असे तीन वेळा बंद करायचे, मधले ३० टाके गळ्याचे.

प्रत्येक पायरीपुढे किती टाके उरले ते लिहिलेलं असतं, आणि आमच्या मते कागदाची सगळ्यांत कामाची गोष्ट हीच. ११०, ९८, ९४, ८०. चूक ज्या ओळीत झाली त्याच ओळीत सापडते. चोपडा, शहादा, पारोळा इकडून एसटीने येणाऱ्या बायकांना दुसऱ्यांदा विचारायला येणं परवडत नाही; त्यांच्यासाठी उरलेल्या टाक्यांचा आकडा म्हणजे सोबतच.

तीन टप्पे का, हे मात्र कागदावर लिहिलेलं नसतं. विचारलं तर सांगतात, पण गर्दीत विचारणं होत नाही. पहिले सहा टाके म्हणजे काखेखालची साधारण एक इंचाची सपाट जागा. हात खाली असताना बाही आणि अंग इथेच भेटतात. पंधराच्या पंधरा टाके इथे एकदम बंद केले तर मुंढ्याला काटकोन येतो, बाही त्या कोपऱ्यात नीट बसत नाही आणि छातीच्या बाजूला घडी पडते. उलट सपाट जागा ठेवलीच नाही आणि सगळे पंधरा एकेक करून कमी केले, तर त्याला ३० ओळी लागतात. चार इंच, म्हणजे निम्मा मुंढा तिरकाच. मग काखेत कापड गोळा होतं आणि छातीवर रुंदी राहून जाते. मधले दोन टाके या दोहोंमधला कोपरा मोडतात. साधारण तिसरा हिस्सा ते निम्मे टाके सपाट, थोडे पायरीने, बाकीचे एकाआड एक ओळीने, हे प्रमाण बहुतेक अंगांना चालतं. खांदा अरुंद आणि छाती मोठी असेल तर काढायचे टाके वाढतात. ते शेवटच्या टप्प्यात न घालता सपाट जागेत आणि पायऱ्यांत घालावेत, नाहीतर तिरका भाग लांबत जातो.

नवशिक्यांची एक तक्रार दुकानात सारखी ऐकू येते, की एका बाजूचा मुंढा एका ओळीने वर गेलाय. तो जाणारच. टाके बंद करायला लोकर त्या टोकाला असावी लागते, म्हणून उजवीकडचे एका ओळीत आणि डावीकडचे परतीच्या ओळीत बंद होतात. एका ओळीचा हा फरक शिवणीत दिसत नाही. ताई हे नीट समजावून सांगतात, आणि कागदावर “दोन्हीकडे ६ बंद” असं न लिहिता “पुढच्या २ ओळींच्या सुरुवातीला ६-६ बंद” असं लिहितात. अशी स्पष्ट भाषा छापील नमुन्यांतही नेहमी सापडत नाही.

आता उणिवा. पहिली टाका कमी करण्याच्या पद्धतीची. कागदावर फक्त “दोन्हीकडे १ कमी” असतं, कसा ते नसतं. मग बहुतेक जणी दोन्ही टोकांना सारखाच दोनाचा एक करतात, म्हणजे दोन टाके एकत्र विणतात, तोही अगदी कडेच्या टाक्यावर. परिणाम असा की डाव्या बाजूला स्वच्छ तिरकी रेघ दिसते आणि उजवीकडे दाते पडतात. शिवाय कड सैल होते आणि बाही जोडताना सुई कुठे घालावी कळत नाही. करायचं असं: सुलट ओळीच्या सुरुवातीला पहिला टाका साधा सुलट विणा. दुसरा न विणता उजव्या सुईवर घ्या, तिसरा सुलट विणा आणि न विणलेला टाका त्याच्यावरून ओढून सोडून द्या. हा कमी झालेला टाका डावीकडे झुकतो. ओळीच्या शेवटी तीन टाके राहिले की दोनाचा एक करा आणि शेवटचा सुलट विणा. हा उजवीकडे झुकतो. दोन्ही रेघा मुंढ्याच्या कडेबरोबर चालतात, आणि कडेचा एक टाका शिवणीसाठी अखंड राहतो. कागदावर याला दोन ओळी पुरल्या असत्या.

पायऱ्यांचंही तसंच. सहा बंद केल्यावर पुढचे दोन बंद करताना कडेला छोटा दाता येतो. तो टाळायला आधीच्या ओळीतला शेवटचा टाका विणायचाच नाही. तसाच सुईवर ठेवून काम वळवायचं. आता पहिला टाका न विणता उजव्या सुईवर घ्यायचा आणि तो राखून ठेवलेला टाका त्याच्यावरून काढायचा. एक टाका बंद झाला. पुढचा नेहमीसारखा. कड गोल उतरते. काखेतले टाके बंद करताना हात घट्ट असेल तर त्या दोन ओळींपुरती एक नंबर जाड सुई, ८ ऐवजी ७ नंबरची, घ्यावी. काखेतली घट्ट कड हात वर केला की सगळा ताण घेते, आणि शिवण आधी तिथेच सुटते.

दुसरी उणीव शिवणीच्या टाक्याची. कागदावरचे ११० टाके म्हणजे नेमके २० इंच, पण बाजू शिवताना प्रत्येक कडेचा एक टाका आत जातो. पुढचा भाग आणि पाठ मिळून चार टाके गेले. या लोकरीत पाऊण इंच. चार प्लायला ते खपून जातं. जाड लोकरीत, जिथे इंचाला साडेतीनच टाके बसतात, तिथे एक इंचाहून जास्त जातं आणि स्वेटर आखूड छातीचा होतो. सोपा उपाय: बॉर्डर ११० टाक्यांवरच विणा, कारण दोन सुलट दोन उलटच्या बॉर्डरला चारच्या पटीत अधिक दोन टाके लागतात आणि शिवल्यावर दोन्हीकडचा एकेक सुलट टाका आत जाऊन जोडीला पुन्हा दोनच सुलट दिसतात. बॉर्डर संपली की पहिल्या ओळीत दोन्ही कडांच्या आत एकेक टाका वाढवून ११२ करा. पुढे मुंढ्याचे आकडे तेच ठेवा. शेवटी ८० ऐवजी ८२ उरतील आणि बाही जोडताना जाणारे दोन टाकेही त्यात भरून निघतील. खांद्याला मग ९, ९, ८.

तिसरी उणीव सगळ्यांत मोठी, बाहीची. मुंढ्याला इतकं नीट गणित करणारं दुकान बाहीच्या डोक्यापाशी, म्हणजे काखेच्या वर मुंढ्यात बसणाऱ्या भागापाशी, येऊन थांबतं. कागदावर लिहितात, “बाहीला मुंढ्यासारखंच कमी करून उरलेले बंद करा.” असं केलं तर काय होतं ते त्याच मापावर पाहू. दंडाला सैलपणा धरून बाही १३ इंच, म्हणजे ७२ टाके. मुंढ्यासारखंच ६, २ आणि सात वेळा एकेक कमी केले तर १८ ओळींत ४२ टाके उरतात आणि ते एकदम बंद होतात. डोकं अडीच इंचाहूनही कमी उंच, वर साडेसात इंचांची सपाट कड. या बाहीची कड काखेपासून काखेपर्यंत मोजली तर सव्वापंधरा इंच भरते. अंगाचा मुंढा पुढून-मागून मिळून पावणेएकोणीस इंच. साडेतीन इंच कमी. मग जोडताना बाही ताणून बसवावी लागते, खांद्यावर कापड चुरगळतं आणि हात वर केला की आख्खा स्वेटर वर चढतो. दुकानात “काखेत ओढतंय” म्हणून येणारे बहुतेक स्वेटर याच दुखण्याचे असतात.

बाहीचं डोकं मुंढ्याहून उंचीला कमी पण कडेला सारखं हवं. वरच्याच मापाची बाही अशी: ७२ टाक्यांवर पुढच्या २ ओळींच्या सुरुवातीला ६-६ बंद, उरले ६०. पुढच्या २ ओळींच्या सुरुवातीला २-२ बंद, उरले ५६. इथपर्यंत अंगासारखंच, कारण काखेतल्या या कडा एकमेकींवर येतात. पुढे दोन्ही कडांना एकेक टाका कमी: दर दुसऱ्या ओळीला ४ वेळा, मग दर चौथ्या ओळीला ३ वेळा, मग पुन्हा दर दुसऱ्या ओळीला ७ वेळा. चौदा वेळा झाले, उरले २८. मग पुढच्या ४ ओळींच्या सुरुवातीला ३-३ बंद, उरले १६. ते एकदम बंद. एकूण ४२ ओळी, साडेपाच इंचांहून किंचित जास्त उंची. कड मोजली तर पावणेएकोणीस इंच, मुंढ्याएवढीच. मधल्या चौथ्या ओळींनी डोक्याच्या बाजू उभ्या राहतात आणि वरच्या तीन-तीन टाक्यांनी माथा गोल होतो. अर्धा इंच इकडेतिकडे झालं तर विणलेलं कापड सांभाळून घेतं. त्याहून जास्त फरक पडला तर मधल्या भागात एखादी चौथी ओळ वाढवा किंवा कमी करा. काखेतले आकडे हलवू नका. शिवणीचे दोन टाके इथेही धरायचे असतील तर ७४ वर सुरू करा, वरती १८ उरतील.

बाहीचा हा हिशोब मागितला तर दुकानातून मिळतो का? दुपारी गर्दी नसताना, दंडाचं माप आणि मुंढ्याची कड दोन्ही लिहून नेलं तर मिळतो, आणि बरोबर मिळतो. येत नाही असं नाही. सगळ्यांना लिहून द्यायला वेळ नसतो, एवढंच. पण ज्या दुकानाचं नावच हिशोबासाठी घेतलं जातं, तिथे हा अर्धा कागद मागून घ्यावा लागू नये.

बाह्यांविना स्वेटरचा, आपल्याकडे ज्याला हाफ म्हणतात त्याचा, कागद मात्र उत्तम आहे. खानदेशात हाफ जास्त विणले जातात. पहाटे केळीच्या बागेत किंवा दुधाच्या फेरीला जाणाऱ्याला सकाळी नऊपर्यंतच ऊब लागते, मग ऊन चढतं. हाफच्या मुंढ्याला बॉर्डर येते आणि ती आत सरकते, हे विसरलं की मुंढा काखेत रुततो. कागदात एक इंचाची बॉर्डर धरून खांदा दोन्हीकडून एकेक इंच अरुंद केलेला असतो आणि खोली एक इंचाने वाढवलेली असते. वरच्या मापावर ते असं येतं: ११० मधून ४२ काढायचे, बाजूला २१. ते ९, ३, २ असे बंद आणि मग ७ वेळा एकेक. उरले ६८, साधारण साडेबारा इंच. खोली ९ इंच, ६८ ओळी. त्यातल्या २० कमी करण्यात, ४८ सरळ.

बॉर्डरसाठी टाके उचलताना बंद कडेवर टाक्याला टाका, आणि उभ्या कडेवर चार ओळींमागे तीन. चाराला चार उचलले तर बॉर्डर झालरीसारखी उभी राहते. दोनाला एक उचलला तर मुंढा आवळतो. साडेपाच भागिले साडेसात म्हणजे पाऊणच्या आसपास, म्हणून चाराला तीन. एका अर्ध्यात बंद कडेचे १४, तिरक्या भागाचे १२, सरळ भागाचे ३६, असे ६२; पूर्ण मुंढ्याला १२४. चारने भाग जातो, त्यामुळे गोल सुईवर दोन सुलट दोन उलट बरोबर बसतं. बाजू शिवायच्या आधी दोन सुयांवर सपाट विणणार असाल तर दोन टाके जास्त उचला. सुया १० नंबरच्या, ३.२५ मिमी. शेवटी सुलटवर सुलट आणि उलटवर उलट विणत सैल हाताने बंद करायचं.

हाफला व्ही गळा असेल तर मुंढा आणि गळा एकाच वेळी कमी होतात, आणि दोहोंपैकी एक हमखास विसरला जातो. इथे कागदावर दोन रकाने आखून देतात, एकात मुंढा, एकात गळा, आणि ओळ विणून झाली की खूण करायची जागा. छोटी गोष्ट, पण फार उपयोगाची.

खोलीबद्दल दुकानाशी आमचं पूर्ण जमतं. गिऱ्हाइकं “मुंढा मोठा ठेवा, हात मोकळा राहू द्या” म्हणतात आणि ताई ठाम नाही म्हणतात. बाहीच्या स्वेटरला मुंढा जितका खोल तितकी काखेची जागा खाली जाते, आणि हात उचलला की खालचं सगळं कापड वर ओढलं जातं. मोकळेपणा हवा असेल तर बाही दंडात रुंद करावी. खोली मोजायची ती काखेतल्या बंद ओळीपासून सुईपर्यंत सरळ उभी, काम टेबलावर सपाट ठेवून; वळणावरून टेप फिरवली की अर्धा इंच खोटा मिळतो, आणि सुईवर लोंबतं ठेवून मोजलं की वजनाने लांबतं. पाठ आणि पुढचा भाग टेपने न जुळवता ओळी मोजून जुळवावेत. मुंढ्याच्या आधीच्या ओळीत वेगळ्या रंगाचा दोरा ओवून ठेवला तर उसवायची वेळ आली तरी टाके तिथे थांबतात. हा सल्ला दुकानातूनच मिळतो.

लोकरीचा साठा बरा आहे, थोर नाही. चार प्लायची अ‍ॅक्रिलिक भरपूर रंगांत, लहान मुलांची मऊ लोकर ठीक, लोकरीचं मिश्रण असलेला माल फारच कमी. पूर्ण बाहीच्या वरच्या मापाला चारशे ते साडेचारशे ग्रॅम लागते. सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या, लेबलवरचा आकडा जुळवून. पाठ एका लॉटची आणि बाह्या दुसऱ्याच्या झाल्या तर फरक नेमका मुंढ्याच्या शिवणीवर उन्हात दिसतो. एखादा गुंडा जास्त घ्या. न उघडलेला गुंडा परत घेतात. सुया अ‍ॅल्युमिनियमच्या आणि प्लास्टिकच्या. नंबर वाढला की सुई बारीक होते, हे नव्यांना माहीत नसतं, आणि हल्ली काही पाकिटांवर फक्त मिमी असतात. १० म्हणजे ३.२५, ९ म्हणजे ३.७५, ८ म्हणजे ४, ७ म्हणजे ४.५.

जाड लोकर घेतली तर कागद जपून तपासा. त्या विभागात त्यांचं पाठांतर डोकावतं. इंचाला साडेतीन टाके आणि पाच ओळी असताना पाठीला ७० टाके, खांद्याला ५०, म्हणजे बाजूला दहाच काढायचे: ४, २ आणि चार वेळा एकेक. तिथे सवयीने चार प्लायचे ६, २, ७ लिहिलेले दिसले, तर शेवटी ४० टाके उरून खांदा साडेअकरा इंचांवर येईल. पाठीचे टाके वजा खांद्याचे टाके, भागिले दोन, एवढं घरी निघायच्या आधी काउंटरवरच करून पाहा.

विणलेले भाग जोडूनही देतात, पैसे घेऊन. खांदे छान जोडतात. बाही बसवताना माथ्याचा मध्य खांद्याच्या शिवणीला, काखेची बंद कड बंद कडेला टाचणीने लावतात, आणि खांद्यापासून खाली दोन्हीकडे शिवत येतात. त्यामुळे उरलंसुरलं कापड काखेत जातं, वर चुरगळत नाही. पण जोडून झाल्यावर शिवणीवर गरम इस्त्री फिरवतात, ते सांगून थांबवा. अ‍ॅक्रिलिक गरम इस्त्रीने मरतं, लुळं पडतं आणि पुन्हा उठत नाही. ओल्या फडक्याखाली सपाट ठेवून वाळवलं तरी शिवण बसते.

एक वर्षाच्या आतल्या बाळाला मुंढा पाडूच नका, सरळ विणा आणि बाही सरळच जोडा, हा त्यांचा सल्ला योग्य आहे.

जायचं तर नवरात्रात जा. दिवाळीनंतर लोकर असते पण कागद घाईत लिहिला जातो. सोबत विणलेला नमुना, ज्या कुडत्यावर स्वेटर घालायचा तो कुडता घालून घेतलेलं खांद्याचं माप, दंडाचं माप, आणि अंगाला नीट बसणारा एखादा जुना स्वेटर असेल तर तोही न्या. कागद हातात पडला की तीन गोष्टी जागेवरच लिहून घ्या: शिवणीचे टाके धरलेत का, कमी करताना कुठल्या टोकाला कसा टाका घ्यायचा, आणि बाहीच्या डोक्याच्या ओळी, आकड्यांसकट.